दुसरीची पात

आई, मी तुझ्यावर रागावलेली आहे. हा राग आजचा नाही, तू गेलीस त्याच्याही आधीचा आहे, आणि इतकी वर्षं मी तो बरा सांभाळला होता. पण गेल्या महिन्यात निरवांगीत एका गोठ्यात उभी राहून मी एका परक्या बाईवर तिच्या सासऱ्यादेखत ओरडले, आणि ओरडता ओरडता लक्षात आलं की मी तिच्यावर ओरडतच नाहीये. त्या बाईची मी नंतर माफी मागितली. तुझी मागणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा तू असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू मेथी निवडत "बरं, म्होरं वाच" म्हणत बसली असतीस. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं असतंस, जेवलीस का. तुझी ही सवयही मला कधी आवडली नाही.

मी काय काम करते ते आधी सांगते, कारण तू गेलीस तेव्हा मी नुकती कुठं पास होऊन इंजेक्शनं द्यायला लागले होते. आता बारामतीत, एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दवाखान्यात बायकांच्या आजारांवर संशोधन चालतं, तिथं मी सिस्टर आहे. दोन गोष्टींचा शोध चाललाय. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधीच कसा पकडायचा ही एक. आणि बाळंतपणांनंतर ज्यांचं अंग, म्हणजे ती पिशवीच, बाहेर येतं, खोकलं की ज्यांची लघवी सुटते, अशा बाया किती आहेत आणि त्यांना कशानं बरं वाटतं ही दुसरी. म्हणजे थोडक्यात सांगायचं तर बाया ज्या ज्या गोष्टी लुगड्याच्या आत बांधून ठेवतात त्या सगळ्या माझ्या फॉर्मवर छापलेल्या आहेत. किती बाळंतपणं, घरी का दवाखान्यात, पाळी कधी गेली, गेल्यानंतर पुन्हा अंगावरून गेलं का, बसताना काही बाहेर येतं का. तू मला आयुष्यभर जे विचारू दिलं नाहीस ते मी आता पगार घेऊन अनोळखी बायकांना विचारते.

ज्या दुखण्यानं तू गेलीस त्याच्या मुळाशी एक विषाणू असतो. तो बरीच वर्षं गुपचूप बसून राहतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि तेवढ्या वर्षांत त्याला गाठता येतं. त्यासाठी आता टेबलावर झोपायचीही गरज नाही. आम्ही एक पुडकं देतो, त्यात एक लांब मऊ ब्रश आणि एक नळी असते. बाईनं न्हाणीत जायचं, कडी लावायची, ब्रश आत घालून पाच वेळा फिरवायचा आणि नळीत टाकून झाकण लावायचं. डॉक्टर नाही, दिवा नाही, पाय फाकवून पडणं नाही. मी पहिल्यांदा ते पुडकं हातात घेतलं तेव्हा मॅडम, म्हणजे ज्या हे सगळं चालवतात त्या डॉक्टरीणबाई, समजावून सांगत होत्या, आणि मला नुसतं रडायला येत होतं. हे तुझ्यासाठीच काढल्यासारखं होतं. फक्त यायला उशीर झाला.

तुझा आणि माझा पहिला झगडा याच विषयावरचा आहे, आठवतं का? मी अकरा वर्षांची असेन. न्हाणीमागं दोरीवर तुझी हिरवी साडी वाळत होती आणि वाऱ्यानं ती उडाली तर खाली तीन-चार फडकी दिसली, धुऊन धुऊन तपकिरी झालेली. मी ती काढून स्वयंपाकघरात आणली. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस, काकी शेजारी पीठ मळत होती. मी म्हटलं, आई, ही कसली गं फडकी, साडीखाली का लपवलीत? तू पिठाच्या हातानंच थोबाडीत मारलीस. गालावर पीठ तसंच राहिलं. "बाईमाणसाच्या फडक्याचं विचारायचं न्हाय," एवढंच म्हणालीस. काकी फडकी माझ्या हातातून घेऊन गेली आणि पुन्हा साडीखाली घालून आली. मी ते लिहून घेतल्यासारखं मनात ठेवलं. पुढं मला पाळी आली तेव्हाही तुला न सांगता मी काकीलाच सांगितलं, आणि तिनं तुला सांगितलं, आणि तू मला काही न बोलता एक जुनी साडी फाडून दिलीस.

तुझी ती काकीशी असलेली गट्टी. दोघी जावा, पण पाठच्या बहिणींसारख्या. निमगाव केतकीच्या अलीकडं आपलं रान, तिथं कांद्याच्या खुरपणीला तुम्ही दोघी शेजारी शेजारी पात धरायच्या. मी शाळेतून आले की बांधावरून बघायचे. आठ-दहा बाया एका ओळीत बसलेल्या, प्रत्येकीच्या वाट्याला खुरपायचा एकेक पट्टा, एकेक पात, आणि बसल्या बसल्या सगळ्या पुढं सरकतायत. कुणी मागं राहिली की तिच्या शेजारणीनं आपल्याबरोबर तिचीही पात ओढायची, हा तुमचा रिवाज. काकीची कंबर पहिल्यापासून नाजूक, त्यामुळं ती कायम मागं. आणि तू तुझी पात एका हाताला, तिची दुसऱ्या हाताला धरून दोन्ही घेऊन पुढं निघालेली. बाया म्हणायच्या, हिला दोन पाती द्या, हिचं एकीनं भागत नाही. तुला ते कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू. माझी आई दोन पाती ओढते हे मी शाळेतल्या मैत्रिणींना सांगितलेलं आहे. मग काकी बांधावर बसून कंबर दाबायची आणि तू घाम पुसत म्हणायचीस, "उरकलं का न्हाय? मंग झालं तर."

मी बारामतीला नर्सिंगला गेले तेव्हा तू मला तुझ्या लग्नातला स्टीलचा डबा दिलास. त्याच्या बुडाशी तुझं नाव कोरलेलं आहे. तुझ्या नावाची घरात ती एकच वस्तू होती. रान तुझ्या नवऱ्याच्या, आण्णांच्या नावावर, म्हशी डेअरीत आण्णांच्या नावावर, रेशनकार्डावर तू आण्णांच्या खाली. तू म्हणालीस, "माझं नाव हाय त्येच्यावर, कोण उचलून न्येनार न्हाय." होस्टेलमध्ये मी त्यात चिवडा ठेवला, मग शिक्षणाचे कागद ठेवले. आजही तो माझ्या कपाटात आहे. तुझ्या नावाचा एक कागदही त्यातच आहे. डबा तुझा आहे. कागद तुझा नाही, आणि माझा सगळा राग त्या कागदावर आहे.

नर्सिंगचं माझं दुसरं वर्ष. निमगावात बायकांच्या तपासणीचं शिबिर लागलं. मला होस्टेलवर कळलं, मी आपल्या घराशेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला, आईला जायला सांगा, नक्की सांगा. तेव्हा आमच्या वर्गात नुकतंच शिकवलं होतं की पन्नाशीच्या आतबाहेरच्या बाईची ही तपासणी झालीच पाहिजे. मला तेवढंच समजत होतं, आणि तेवढ्यावर मी फार मोठी नर्स झाले होते. तू गेलीस. टेबलावर नाव सांगितलंस, गाव सांगितलंस, नंबराची चिठ्ठी घेतलीस आणि शाळेच्या व्हरांड्यात ओळीत बसलीस. दुपारी काकी आली तेव्हा नावं घ्यायचं बंद झालं होतं. काकीची कंबर दुखत होती. आणि तू काय केलंस? आपली चिठ्ठी तिच्या हातात दिलीस. जशी तिची पात धरायचीस तशी. फरक एवढाच की पात धरताना तू तिचं काम करत होतीस, इथं तिला तुझ्या जागी आत पाठवलंस. संध्याकाळी घरी येऊन आण्णांना सांगितलंस, तपासलं, काय न्हाय म्हणाले.

ही अदलाबदल मला तेव्हा माहीत नव्हती. काही आठवड्यांनी छापील कागद घरी आला, वर तुझं नाव, खाली शिक्का, आणि मधे लिहिलेलं, दोष आढळला नाही. मी सुट्टीला आले होते. तू तो कागद माझ्यापुढं टाकलास आणि म्हणालीस, "बघ, तुज्या जिवाला लई घोर हुता ना." मी तो डब्यात ठेवला आणि परत बारामतीला गेले. पुढं दीड वर्षानं तुला पुण्याला नेलं तेव्हा तुझ्या अंगाला येणारा वास जीपमध्ये सगळ्यांना येत होता आणि कुणी काही बोलत नव्हतं. तिथल्या डॉक्टरांना मी तोऱ्यात तो कागद दाखवला. म्हटलं, असं कसं होईल, दीड वर्षापूर्वीच तपासलंय. त्यांनी कागद बघितला, मला बघितलं, आणि परत दिला.

तुला लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायला लागले. पंचवीस दिवस आपण तिथं धर्मशाळेत राहिलो. एका सकाळी मी तुला मोसंबं सोलून देत होते आणि सहज म्हटलं, आई, तो कागद चुकला कसा गं? आणि तू हसलीस. पदरात तोंड घालून हसलीस, चोरी पकडल्यावर पोरं हसतात तशी. "अगं, तवा मी कुठं गेले हुते आत. तुज्या काकीला धाडलं. तिची कंबर लई दुखत हुती. आन खरं सांगू का, मला त्या टेबलाचं भ्या वाटत हुतं." मी हातातलं मोसंबं खाली ठेवलं. तू म्हणालीस, "रागावलीस व्हय? जाऊ दे आता." आणि मोसंबं उचलून तूच सोलायला लागलीस. मी बाहेर जाऊन उभी राहिले. तेव्हापासून मी रागावलेली आहे. भीती वाटत होती तर मला सांगायचं होतंस, मी तुझा हात धरून उभी राहिले असते. पण तुला आपली भीतीसुद्धा दुसरीच्या उपकारात गुंडाळून ठेवायची होती. जग म्हणालं, केवढी मनानं मोठी. मला मनानं मोठी आई नको होती, जिवंत हवी होती. काकी आज साठीला टेकलीय, कंबरेला पट्टा लावून हिंडतेफिरते, दर संक्रांतीला मला तिळगूळ पाठवते. तिला काय बोलणार? तिला तर आजही वाटतं की तू तिच्यावर उपकार केलेस.

आता निरवांगीचं सांगते. तिथं एका घरात आम्ही तीन पुडकी दिली होती. सासू साठीची, थोरली जाऊ चाळिशीतली, धाकटी तिशीची. मोठं बागायतदाराचं घर, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात चार म्हशी. चार दिवसांनी नळ्या गोळा केल्या, तपासायला पाठवल्या, आणि निकाल आला तो असा की तिघींनाही विषाणू. तिघींनाही एकाच जातीचा. मॅडम म्हणाल्या, विचित्र आहे, पण बोलवून घ्या तिघींना. नियम असा की निकाल ज्या बाईचा तिलाच, एकटीला सांगायचा. पण तीन बायकांना एकेक करून बाजूला घेतल्यावर घरात काय कळायचं राहतं? सासरा पोर्चमध्ये खुर्चीवर बसलेला, मला म्हणाला, "एका घरातल्या तिगींना एकदम कसं हुईल, सिस्टर? तुमचं मशीनच खोटं हाय."

धाकटीला मी गोठ्याच्या दाराशी घेतलं. ती घाबरून गेली होती. मी नेहमीप्रमाणे विचारलं, ब्रश किती वेळा फिरवला होता? ती म्हणाली, "तुमी सांगितलं तसंच." मी म्हटलं, म्हणजे किती? ती आत बघायला लागली. आत थोरली म्हशीखाली धारेला बसली होती, तिनं तिथूनच मान न वळवता सांगितलं, "पाच येळा गं, पाच." मी आत गेले आणि विचारलं, या दोघींचं कुणी केलं? थोरलीनं बादली बाजूला सरकवली, हात पदराला पुसले. तिच्या तोंडावर लाज नव्हती, उलट एखादं काम नीट केल्याचं समाधान होतं.

"त्यात काय एवढं, सिस्टर," ती म्हणाली. "हिला भ्या वाटत हुतं. आन सासूचं, आत्याबायचं तर अंग भायेर येतंय, त्या फडक्याची घडी दाबून बसत्यात, त्या कशाला तितं हात लावत्यात? माझं चालूच हुतं, तर म्हणलं तिगींचंबी उरकून टाकावं. रेशनच्या दुकानात अंगठ्याला बी मीच समद्यांना घिऊन जाते."

मी तिला सांगितलं, अहो, मग तिन्ही नळ्या तुमच्याच आहेत. विषाणू तुम्हाला आहे. ती म्हणाली, "म्हंजी मला तीनदा झालंय व्हय?" मी म्हटलं, तीनदा नाही, एकदाच, पण तुम्हालाच. तर ही बाई काय म्हणाली असेल? म्हणाली, "बरं झालं, म्हंजी ह्या दोगी सुटल्या." मी म्हटलं, सुटल्या नाहीत, त्यांचं तर अजून तपासलंच नाही, तुम्ही मंगळवारी आमच्या गाडीनं बारामतीला या, दुर्बिणीतून बघावं लागेल. गाडीत त्या दिवशी एकच जागा उरली होती. तिनं विचार केला आणि म्हणाली, "मंग ह्या मंगळवारी आत्याबायना न्या. त्यांचं लई वर्सांचं हाय. मला काय, दुखत बी न्हाय न् खुपत बी न्हाय. माझा लंबर म्होरल्या खेपंला."

तिथं माझं डोकं फिरलं, आई. वीस वर्षं मी बायकांशी हळू आवाजात बोलायला शिकलेय, आणि सगळं विसरून मी ओरडले. म्हटलं, तुमचा नंबर तुम्ही दुसरीला द्यायचा नाही. कुणी दिला हा अधिकार तुम्हाला? दुखत नाही म्हणता, दुखायला लागेल तेव्हा उपयोग राहणार नाही. तुम्हाला काय वाटतं, लोक चांगलं म्हणतील? म्हणतील, दहाव्याला म्हणतील. माझी आई अशीच नंबर देऊन मेली. शेवटचं वाक्य माझ्या तोंडातून कसं गेलं मला कळलं नाही. मागं बघितलं तर सासरा दारात उभा, सासू त्याच्या मागं. म्हणजे एका दमात मी सगळे नियम मोडले होते. सासरा म्हणाला, "सिस्टर, घरात यिऊन मरायचं बोलू नगा." मी म्हटलं, चुकलं माझं. आणि गव्हाणीच्या कडेला टेकले.

थोरली खाली मान घालून उभी होती. ती म्हणाली, "मंगळवारी कांद्याची खुरपणी हाय. बाया सांगितल्यात. माझी पात कोण धरंल?" मला वाटलं, संपलं. आणि त्यावर ती धाकटी, जी ब्रशालाही घाबरली होती, ती बोलली. "आक्का, तुमची पात मी धरते. तुमी जावा." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन सिस्टर, मला दुसरं पुडकं द्या. माझं मी करते." सासूनं पुढं होऊन थोरलीची दुधाची बादली आपल्याकडं घेतली. शेवटी सासऱ्यानं विचारलं, "गाडी किती वाजता येती?"

थोरली आली. मॅडमनी दुर्बिणीतून बघितलं, पडद्यावर तिला तो पांढरा डाग दाखवला, तुकडा तपासायला पाठवला. आठवड्यानं निकाल आला, अजून कॅन्सर नव्हता. आणखी काही वर्षं तसाच राहिला असता तर बहुतेक झाला असता. पुन्हा बोलावून तेवढा भाग काढून टाकला आणि ती संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेली. धाकटीची नळी तिनं स्वतः भरून दिली, ती स्वच्छ आली. सासूला पुढच्या मंगळवारी रबराची रिंग बसवली, त्या रिंगेनं अंग वरच्या वर राहतं. तिची स्वतःची नळी मी मागाहून हात धरून भरून घेतली, तीही चांगली आली. परवा गेले तर म्हातारी म्हणाली, "लई वर्सांनी मोकळं खोकले बघ." एवढ्या साध्या रिंगेसाठी बाई पंधरा वर्षं फडक्याची घडी दाबून बसत होती. याचाही राग कुणावर काढू ते मला कळत नाही.

आणि मॅडमनी काय केलं, तर त्या घरातल्या तिघींचे पहिले नमुने संशोधनातून वगळले. फॉर्मवर तिरकी रेघ, वर लिहिलं, वगळले. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, त्याच नळ्यांमुळं ती बाई वाचली आणि तुम्ही तिच्यावर रेघ मारता? त्या शांतपणे म्हणाल्या, सिस्टर, नमुना कुणाचा हेच माहीत नसेल तर त्या कागदाला अर्थ काय? तो कागद खोटा, आणि खोटा कागद बाईचा जीव घेतो, तुम्हाला हे मी सांगायला हवं का? नको होतं. मला ते पाठ होतं. तुझ्या नावाच्या त्या कागदावर तेव्हा कुणीतरी अशी रेघ मारायला हवी होती.

आता आम्ही नवी पद्धत सुरू केली आहे, मी सुचवलेली. नळी परत घेताना बाईला एकटीला बाजूला घ्यायचं आणि दोन-तीन प्रश्न नव्यानं विचारायचे: तुमचं तुम्हीच केलं ना, वय किती, बाळंतपणं किती. मग ते पहिल्या फॉर्मशी ताडून बघायचं. जुळलं नाही तर कागद पुढं जाऊ द्यायचा नाही. मॅडमना ते फार आवडलं. म्हणाल्या, बाळंतपणं ताडून बघायचं तुम्हाला कसं सुचलं? मी म्हटलं, अनुभवानं.

तुला सांगते. हे पत्र कुणाला जायचं नाही, घडी करून त्या डब्यातच जाईल, म्हणून सांगते. काकी आत गेली तेव्हा डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिनं आपली स्वतःची दिली. त्यामुळं त्या कागदावर तुझ्या नावाखाली लिहिलं होतं, वय अडतीस, बाळंतपणं दोन. आम्ही चौघं, आणि एक तान्हेपणी गेलेला. तुझी पाच झाली. मी सुट्टीला आले, तू कागद माझ्यापुढं टाकलास, आणि मी तो अख्खा वाचला होता. दोन हा आकडा मी वाचला होता. त्याच दिवशी न्हाणीमागं तुझी साडी वाळत होती आणि तिच्याखाली फडकी होती, आणि तुझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती हे मला माहीत होतं. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. मी कागद हातात घेऊन तुझ्या मागं उभी राहिले, विचारायला तोंड उघडलं, आणि गालावर पीठ लागल्यासारखं वाटलं. मी मनाशी म्हटलं, लिहिणाऱ्याची चूक असेल. तू मान न वळवता विचारलंस, जेवतीस का. मी हो म्हटलं आणि जेवायला बसले.